व्हॉल्व्ह रेडिओचं खोकं झकास आहे, आतलं मेलंय. आत नवीन काय बसवू?

खटपट्या७:
नमस्कार मंडळी. आजोबांचा लाकडी व्हॉल्व्ह रेडिओ माळ्यावरून खाली काढलाय. खोकं एकदम मजबूत, एका कोपऱ्यात विनिअर थोडं सुटलंय तेवढंच. पुढे काचेची मोठी डायल, त्यावर शहरांची नावं, चार बटणं, खाली पियानोसारख्या पाच पट्ट्या आणि मध्ये तो हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की मिटणारा. आत मात्र आनंद आहे. कधीतरी कुणा मेकॅनिकनं उघडून अर्धे पार्ट काढून नेलेत असं दिसतंय, ट्रान्सफॉर्मरमधून काळं डांबर गळून चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) वाळलंय, डायलची दोरी तुटून स्प्रिंगला लोंबकळतीये. व्हॉल्व्ह (त्या काचेच्या नळ्या) सगळे जागेवर आहेत, ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८० आणि डोळा म्हणजे ईएम८०. स्पीकर आठ इंची, कागदाचा कोन कुठंही फाटलेला नाही, मीटर लावला तर ४.१ ओहम दाखवतो.

मी मायक्रोकंट्रोलरवर बऱ्यापैकी उद्योग केलेत, सोल्डरिंग येतं, पण व्हॉल्व्हला कधी हात लावलेला नाही आणि २५० व्होल्टची खरं सांगायचं तर भीती वाटते. डोक्यात असं आहे की आतलं सगळं काढायचं आणि इंटरनेट रेडिओ, एफएम, ब्लूटूथ असं काहीतरी बसवायचं, पण बाहेरून बघणाऱ्याला कळता कामा नये. आईची एकच अट आहे, बटण फिरवलं की काटा सरकला पाहिजे आणि काटा सरकला की स्टेशन बदललं पाहिजे. नुसता ब्लूटूथ स्पीकर करून ठेवलास तर परत माळ्यावर टाक म्हणाली.

तर प्रश्न असे की कुठलं मॉड्यूल घेऊ, जुना स्पीकर ठेवू का बदलू, तो हिरवा डोळा नव्या सर्किटवर चालेल का, आणि जुनी चासी भंगारात दिली तर चालेल ना?

जुनी_लहर:
भंगार हा शब्द वाचला आणि चहा बाजूला ठेवला. थांबा जरा. "आतलं मेलंय" म्हणजे नेमकं काय मेलंय? दहातले सात रेडिओ लोक मेले म्हणून टाकतात आणि त्यात गेलेले असतात दोन-चार कंडेन्सर. मेणाचे, कागदाचे कंडेन्सर वयानं गळतात, इलेक्ट्रोलिटिक वाळतात, कार्बनचे रेझिस्टन्स हळूहळू वर सरकतात, २२० के (किलो-ओहम) चा ३०० के झालेला मी कितीदा पाहिलाय. व्हॉल्व्ह स्वतः मात्र फार चिवट असतात.

सगळ्यात घातकी कंडेन्सर एकच, आउटपुट व्हॉल्व्हच्या (तुमचा ईएल८४) ग्रिडवर, म्हणजे सिग्नल जातो त्या टोकावर, येणारा कपलिंग. तो थोडा जरी गळायला लागला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, मग ईएल८४ नको तितका करंट ओढतो, लाल होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. म्हणून कुठलाही जुना सेट सापडला की "बघू चालतो का" म्हणून थेट प्लग घालायचा नाही. मी तरुणपणी हेच केलं होतं. मिनिटभर सुंदर गाणं वाजलं, मग वास आला, मग धूर आला, आणि त्या सेटचं आउटपुट पुन्हा मला कुठं मिळालं नाही. आता आधी सिरीज बोर्ड, ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. एलईडीचा बल्ब याला चालत नाही.

तुमचे नंबर बघून एक समाधान आहे. सगळे व्हॉल्व्ह ई नं सुरू होतात म्हणजे ६.३ व्होल्टचे हीटर, सेट ट्रान्सफॉर्मरवाला. नंबर यू नं सुरू झाले असते (यूसीएच८१, यूएल८४ वगैरे) तर १०० मिलिअँपिअरचे हीटर सगळे एका माळेत, बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नाही आणि चासी सरळ मेनच्या एका वायरला जोडलेली. तसल्या सेटच्या नुसत्या स्क्रूला हात लागला तरी माणूस जाऊ शकतो. ज्याचा सेट यू वाला आहे त्यानं हा धागा वाचून काही सुरू करू नये.

आता तुम्ही एवढंच करा. प्लग न घालता ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेनकडची कॉइल, मोजा. मागे ११०/१२७/२२०/२४० निवडायची चकती असते ती गंजली की प्रायमरी तुटल्यासारखी दिसते, म्हणून रीडिंग चकतीवर घेऊ नका, थेट ट्रान्सफॉर्मरच्या टॅगवर घ्या. दहा-पन्नास ओहम आले तर तो जिवंत आहे. आणि चासीवर काय काय नाही ते सांगा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायच्या आधी हातात काय आहे ते तरी बघू.

खटपट्या७:
काका, मोजलं. प्रायमरी सगळ्या टॅपवर ओपन, म्हणजे तुटलेली. चकती सोडून थेट टॅगवर बघितलं, तरी तेच. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जागेवर नाही, नुसती दोन स्क्रूची भोकं. दोन्ही आयएफटीचे (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरचे) ॲल्युमिनियमचे डबे गायब, वायरी कटरनं कापलेल्या. ऑसिलेटर कॉइलचा गुंता झालाय. गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा, फिरणारा) मात्र मस्त, लोण्यासारखा फिरतोय. वायरींचं रबर हात लावला की भुकटी होऊन पडतंय.

जुनी_लहर:
अरेरे. मेन ट्रान्सफॉर्मर, आउटपुट, दोन्ही आयएफटी आणि कॉइल. एखादी गोष्ट असती तर मी हटून बसलो असतो, पण ४५५ किलोहर्ट्झच्या त्याच मापाच्या जोड्या, त्याच पिनांच्या, शोधायच्या आणि वर सगळं वायरिंग नव्यानं करायचं, म्हणजे दुसरा तसाच सेट मारून हा जिवंत करायचा. ठीक आहे. नवीन बसवा, मी आड येत नाही.

फक्त काही गोष्टी ऐका. खोक्याला किंवा चासीला एकही नवीन भोक पाडू नका, जे बसवाल ते जुन्याच भोकांत स्क्रूनं बसलं पाहिजे. काढलेलं सगळं, गेलेला ट्रान्सफॉर्मरसुद्धा, एका डब्यात नावं लिहून ठेवा. ईएल८४ आणि ईसीएच८१ कुणाच्या तरी कामाला येतील. हात घालायच्या आधी मोठे कंडेन्सर रेझिस्टन्स लावून डिस्चार्ज करा, तुमचा सेट वर्षानुवर्षं बंद आहे त्यामुळं काही नसेल, पण सवय लागलेली बरी. व्हॉल्व्हच्या वर किंवा खोक्याच्या छताला आतून राखाडी पुठ्ठ्यासारखा कागद चिकटवलेला असेल तर खरवडू नका, काही सेटमध्ये तो उष्णता अडवायला लावलेला ॲस्बेस्टॉस असतो.

आणि डायलच्या काचेची मागची बाजू पुसू नका. पाण्यानं नाही, ओल्या फडक्यानं नाही, श्वासाची वाफ धरूनही नाही. ती अक्षरं काचेवर मागून छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी नुसती धरून बसलेली असतात. पुढची बाजू खुशाल पुसा. मागे मऊ कोरड्या ब्रशनं धूळ उडवायची, बस.

सर्किटवाली:
काकांनी निकाल दिलाच आहे तर आता माझं. मी असे तीन केलेत, त्यातला पहिला पार फसला होता, कारण मी छोटा कॉम्प्युटर बोर्ड टाकला. आवाज छान, पण बटण दाबल्यावर अर्धा मिनिट नुसतं बूट होत राहायचं आणि घरातलं कुणीतरी बटण फिरवून धाडकन बंद करायचं, मग एक दिवस मेमरी कार्ड करप्ट. रेडिओ हा बटणानं बंद होतो, त्याला शटडाउन मेनू नसतो. त्यामुळं माझं मत ईएसपी३२, वायफाय-ब्लूटूथवाला मायक्रोकंट्रोलर. दोन-चार सेकंदात उठतो आणि वीज कधीही गेली तरी त्याचं काही बिघडत नाही.

ईएसपी३२ घेताना बघून घ्या, ब्लूटूथवर गाणी हवी असतील तर मूळ ईएसपी३२च लागेल. एस३ नावाचा नवा आहे तो वेगवान असला तरी त्यात फक्त लो एनर्जी ब्लूटूथ आहे, फोनवरून ऑडिओ घेणारं क्लासिक ब्लूटूथ नाही. नवीन ते चांगलं म्हणून लोक तो घेतात आणि मग रात्रभर लायब्ररीला शिव्या देतात (मी दिल्यात). दुसरं, पीएसरॅमवाला (जादा मेमरीचा) बोर्ड घ्या, इंटरनेट स्ट्रीमचा बफर मोठा ठेवता येतो, नाहीतर वायफाय जरा अडखळलं की गाणं तुटतं. वायफाय स्ट्रीम आणि ब्लूटूथ दोन्ही एका वेळी चालवायच्या फंदात पडू नका, मेमरी पुरत नाही, पट्टी दाबली की दुसऱ्या मोडमध्ये रीस्टार्ट करायचं, दोन सेकंदाचं काम.

आता काटा. आईंची अट अगदी बरोबर आहे, या सगळ्या उद्योगाचा जीवच तो आहे. गँग कंडेन्सर काढू नका. तो आता इलेक्ट्रिकली काही करणार नाही, पण त्याचा ड्रम, दोरी, काटा, आणि बटण फिरवताना हाताला लागणारं ते वजन, हे नव्यानं बनवायला गेलात तर महिना जाईल. गँगच्या शाफ्टचा कोन वाचायचा आहे फक्त. पोटेन्शिओमीटर जोडता येतो पण तो घासून खराब होतो आणि ईएसपी३२चा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) काही फार सरळ नाही, वर वायफाय चालू असताना त्याच्या एडीसी२च्या पिना वापरताच येत नाहीत. त्यापेक्षा एएस५६०० नावाचा चुंबकी सेन्सर घ्या. पूर्ण फेरीचे ४०९६ भाग करतो, कशालाही टेकत नाही, दोन वायरींवर बोलतो. गँग अर्धीच फेरी फिरते म्हणजे तुम्हाला २०४८ मिळतात, डायलला पुरून उरतील. बरोबर येणारं चकतीचं चुंबक व्यासावर चुंबकित केलेलं असावं लागतं, फ्रिजवरचं कुठलंही चिकटवून चालत नाही. आणि ते थेट लोखंडी शाफ्टवर चिकटवू नका, मधे ५-६ मिमीचा प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर लोखंड चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं आणि रीडिंग वेडंवाकडं येतं. स्पीकरच्या चुंबकापासूनही जरा लांबच.

मग कोडमध्ये डायलच्या लांबीवर स्टेशनं पेरायची. दोन गोष्टी केल्या तर जादू होते. एक, स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत खरखर वाजवा, खऱ्या रेडिओवरून रेकॉर्ड केलेली, आणि काटा स्टेशनजवळ येईल तशी खरखर कमी आणि गाणं जास्त. दोन, स्टेशन पकडायची हद्द आणि सोडायची हद्द वेगळी ठेवा, सोडायची थोडी मोठी. नाहीतर काटा नेमका काठावर राहिला की दोन स्टेशनं एकमेकांशी भांडत बसतात. स्टेशनांचे पत्ते कोडमध्ये पक्के लिहू नका, ते बदलत राहतात, एका फाइलमध्ये ठेवा आणि फोनवरून बदलता येईल असं छोटं पान करा.

ॲम्प्लिफायर: मॅक्स९८३५७ए. डिजिटल सिग्नल घेतो, ५ व्होल्टवर ४ ओहमला ३ वॅट देतो. कमी वाटेल पण वाटू देऊ नका, कारण जुना स्पीकर. तुमचे ४.१ ओहम हे डीसी रेझिस्टन्स आहे, म्हणजे इम्पीडन्स ५ ओहमच्या आसपास, अगदी जमतंय. तो हलका कागदी कोन एवढा संवेदनशील असतो की मूळ सेटमध्येही त्याला काही फार वॅट मिळत नव्हते. स्पीकर अजिबात बदलू नका आणि मागचं जाळीचं पुठ्ठं पण बंद करू नका, तो आवाज उघड्या पाठीचाच आहे. एक धोका: हे ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात, दोन्ही आउटपुट जिवंत. जुन्या सेटमध्ये स्पीकरचं एक टोक बहुतेक चासीला टेकवलेलं असतं. ते आधी कापा, नाहीतर पहिल्याच दिवशी चिप गेली.

एफएमसाठी एसआय४७३५ लावा, त्यात एफएमबरोबर मध्यमलहर आणि लघुलहर पण आहे. फक्त मध्यमलहरीला शेजारी बसलेलं सगळं डिजिटल सर्किट आवाज करतं, त्यामुळं तिथं फार अपेक्षा ठेवू नका.

झटपट:
एवढं सगळं कशाला पण. तयार ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बोर्ड मिळतो, दोन वायरी स्पीकरला, एक ॲडॉप्टर, एका संध्याकाळी काम खलास. मी केलाय, दोन वर्षं मस्त वाजतोय. काटा कोण बघतंय.

खटपट्या७:
@झटपट आई बघतीये. 😅

जुनी_लहर:
@झटपट तुमच्या पद्धतीत वाईट काही नाही, उलट ज्याचा सेट चालू स्थितीत आहे त्याच्यासाठी तर मी तीच सुचवतो, फक्त बोर्ड स्पीकरला जोडायचा नाही. जुन्या सेटला मागे पिकअपची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची भोकं असतात, तिथं ब्लूटूथ रिसीव्हर द्यायचा, मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून. मग गाणं फोनचं, पण आवाज ईएल८४चा. मूळ सर्किटला धक्का नाही. हे पण फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला, यू वाल्याला नाही.

सर्किटवाली, एक शंका. मूळ व्हॉल्यूमचा कंट्रोल ५०० केचा लॉग, म्हणजे वक्र चालीचा, असणार. तो तुमच्या ईएसपीला चालतो?

सर्किटवाली:
चांगला मुद्दा काका. चालतो, पण तसाच नाही. एडीसीला एवढ्या मोठ्या रेझिस्टन्समधून वाचायला आवडत नाही, आकडा नाचतो. मधल्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की शांत होतो. पिना ३२ ते ३९मधलीच घ्या, म्हणजे एडीसी१. लॉगचा वक्र कोडमध्ये सरळ करता येतो किंवा तसाच ठेवा, आवाजाला लॉगच बरा वाटतो. त्या व्हॉल्यूमच्या मागे टक् करणारा ऑन-ऑफ स्विच असतो तो ५ व्होल्टच्या वायरीत घाला. मेन खोक्याच्या आत आणायचंच नाही, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर बाहेर आणि आत फक्त पाच व्होल्ट. जुन्या लाकडात, वाळलेल्या कागदात २३० व्होल्ट कशाला पाहिजेत.

पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवून घ्या आणि तेच वापरा. मी मध्यमलहरीच्या पट्टीला इंटरनेट दिलं, एफएमला एफएम, आणि पिकअपच्या पट्टीला ब्लूटूथ, कारण बाहेरचा आवाज आत घेणं हेच तिचं मूळ काम.

हिरवा_डोळा:
नावावरूनच कळलं असेल मी कशासाठी आलोय. ईएम८० चालवता येतो, पण विचार करून ठरवा. हीटरला ६.३ व्होल्ट ०.३ अँपिअर, ते पाच व्होल्टवरून बारक्या बूस्ट कन्व्हर्टरनं होतं. पण पडद्याला आणि ॲनोडला २००-२५० व्होल्ट लागतात. करंट फक्त काही मिलिअँपिअर, त्यामुळं पाच व्होल्टवरून वर चढवणारा छोटा बूस्ट मॉड्यूल पुरतो. पण तुम्हाला भीती वाटते म्हणालात तीच जागा ही आहे. मॉड्यूल झाकलेल्या डब्यात, आउटपुटला ब्लीडर रेझिस्टन्स, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर स्वतःच रिकामा होईल, आणि चालू असताना एक हात खिशात.

चालवायचा कसा ते ऐका. ग्रिड जितका कॅथोडपेक्षा निगेटिव्ह तितकी पडद्यावरची सावली मिटते (डोळा मिटणं म्हणजे हेच), पूर्ण मिटायला साधारण १५ व्होल्ट लागतात. तुमचा ईएसपी निगेटिव्ह देणार नाही. म्हणून कॅथोडच वर उचला, १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज पक्कं धरणारा डायोड) घालून, आणि ग्रिडला शून्य ते पंधरामधलं व्होल्टेज द्या. ग्रिड शून्यावर म्हणजे डोळा मिटलेला, पंधराकडे गेला की उघडा. ग्रिड कॅथोडच्या वर कधी जाऊ देऊ नका. काटा स्टेशनच्या मध्यावर आला की डोळा हळूच मिटतो, हे एकदा बघाल तर बाकी सगळ्या कटकटीचं चीज झालं म्हणाल. आरसीएनं १९३५ साली ६ई५ काढला तेव्हाही काम हेच होतं, स्टेशन नीट लागलं का ते मीटरच्या काट्याशिवाय स्वस्तात दाखवणं.

पण आधी डोळ्याची प्रकृती बघा. खूप वापरलेल्या नळीचा फॉस्फर (चमकणारा लेप) मरतो, मग अंधारातच जेमतेम दिसते, आणि त्यावर उपाय नाही. चांगली असेल तर ब्लूटूथच्या मोडमध्ये तिचं हाय व्होल्टेज बंद ठेवा, आयुष्य वाढेल. मेलेली असेल तर मागे छोटा हिरवा ओएलईडी डिस्प्ले लावून पंख्याचा आकार काढणारे लोक आहेत. दिसतं बरं. मला आवडत नाही, पण तो माझा प्रश्न.

सर्किटवाली:
+१. आणि डोळा खरा लावलात तर एक गंमत करा, आवाज पण लगेच देऊ नका. व्हॉल्व्ह गरम व्हायला अर्धा मिनिट लागायचा ना, तसा पंधरा सेकंदात हळूहळू आवाज वर आणा. तेवढ्यात वायफाय पण जोडून होतं आणि वाट बघतोय असं कुणाला वाटत नाही.

डायलचे दिवे जुने ६.३ व्होल्टचे असतील तर काढून उबदार पिवळे एलईडी लावा, २७०० केल्विन किंवा त्याखाली. पांढरे लावलेत तर दवाखान्यासारखं दिसतं. जुने दिवे गरम होऊन काचेवरची अक्षरं सुकवतात हे वेगळंच.

खटपट्या७:
पाच आठवड्यांनी परत आलोय. वाजतोय!! सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

पहिली वाईट बातमी. काकांची डायलची सूचना मी वाचली, पण मी ऑफिसात असताना घरात "एवढी धूळ बसलीये" म्हणून कुणीतरी काच मागून ओल्या फडक्यानं पुसली. डाव्या टोकाची तीन शहरं गेली. चौथ्याचं पहिलं अक्षर गेलं. मी काही बोललो नाही कारण पुसणारी व्यक्ती म्हणजे ज्यांची अट आहे त्याच.

दुसरी गोष्ट, टिकटिक. वायफाय चालू झालं की स्पीकरमधून किड्यासारखी टिकटिक यायची, गाणं हळू असताना तर स्पष्ट. दोन दिवस कोडमध्ये शोधत बसलो. शेवटी कळलं की ईएसपी एकदम झटक्यानं करंट ओढतो आणि ॲम्प्लिफायर त्याच बारक्या वायरीवर होता. ॲडॉप्टरच्या जॅकपासून दोघांना वेगळ्या जाड वायरी दिल्या, ग्राउंड पण वेगळे आणून एकाच जागी जोडले, दोघांच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरड लावले. गेली टिकटिक. थोडीशी सूं आहे ती कान लावला तरच.

एएस५६०० एकदम झकास. प्लास्टिकच्या तुकड्याचं सांगितलं नसतं तर मी थेट शाफ्टवर चिकटवलं असतं. डायलवर मीटरमध्ये आकडे आहेत, त्यामुळं ३,००,००० भागिले मीटर करून किलोहर्ट्झ काढले आणि स्टेशनं त्या हिशोबानं पेरली, म्हणजे ३०० मीटरला १०००. खरं तर इंटरनेट स्टेशनला काय मीटर आणि काय किलोहर्ट्झ, पण बरं वाटतं.

डोळा जिवंत आहे! थोडा फिका, पण संध्याकाळी खोलीत मस्त दिसतो. हाय व्होल्टेजचं मॉड्यूल डब्यात घालून वर लाल पट्टी मारलीये. पहिल्यांदा ऑन करताना चार पावलं मागे उभा होतो. काटा स्टेशनवर आला की डोळा उघडतो, मिटत नाही, म्हणजे कुठंतरी उलटं झालंय, पण ते कोडमध्ये एका ओळीचं आहे.

आता अडलोय एका ठिकाणी. नवीन दोरी घातली, विणलेली घेतली होती, ट्यूनिंगच्या शाफ्टवर तीन वेढे, स्प्रिंग ताणली, घसरत नाही. पण बटण उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे जातो. सेन्सरच्या डीआयआर (दिशा ठरवणाऱ्या) पिनेला ग्राउंडऐवजी ३.३ व्होल्ट दिले, तर स्टेशनं उलटी झाली, काटा आहे तसाच. कोडमध्ये काय बदलू?

जुनी_लहर:
वा! मनापासून अभिनंदन. गेलेल्या शहरांचं मनावर घेऊ नका. काचेचा फोटो असेल तर पारदर्शक कागदावर छापून मागून लावता येतात, जवळून बघितल्याशिवाय कळत नाही.

काट्याचं म्हणाल तर कोडनं दोरी उलटी होत नाही. वेढे शाफ्टवर उलट्या बाजूनं घेतलेत. सोडा आणि परत गुंडाळा.

खटपट्या७:
तिसऱ्यांदा?

हिरवा_डोळा:
मला सहा वेळा लागले होते. स्प्रिंग सुटू देऊ नका, कपाटाखाली जाते.